फिरती, मिठागरे आणि पाखरांची नावे

गणपती विसर्जनानंतरच्या एका रविवारी पदव्युत्तर वर्गातील दहाबारा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही नेरूळच्या खाडीकाठी गेलो होतो. वर्गात दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' नुकतेच शिकवून झाले होते आणि भाद्रपद-आश्विनाचा सांधा पुस्तकाबाहेर कसा दिसतो ते पाहावे, एवढाच साधा हेतू होता. विद्यार्थ्यांना अर्थातच फ्लेमिंगो पाहायचे होते. नवी मुंबईच्या उड्डाणपुलांवर, भिंतींवर आणि चौकाचौकांतल्या शिल्पांत हा गुलाबी पक्षी इतका रंगवला गेला आहे, की खाडी म्हणजे फ्लेमिंगो असेच समीकरण होऊन बसले आहे. पण त्यांचे मोठे थवे उतरायला अजून अवकाश होता. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर चिमणीएवढी, करड्या-मातकट रंगाची शेकडो पाखरे लगबगीने धावत होती, थबकत होती, चोच खुपसत होती. एका विद्यार्थिनीने विचारले, ''सर, ह्यांना मराठीत काय म्हणतात?''

आमच्या तोंडून 'वेडर्स' हा शब्द निघून गेला. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला मराठी शब्द आठवू नये, ही गोष्ट तशी लाजिरवाणीच. पण खरी खंत त्यानंतर वाटली. उरणकडच्या गावातून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, ''माझ्या आजोबांचं मिठागर होतं. ही पाखरं खाडीत उतरली की आजोबा म्हणायचे, पाऊस सरला, आता बांध बघायला हवेत. ते ह्यांना काहीतरी म्हणायचे. मला आठवत नाही. आता विचारायला आजोबाही नाहीत.''

एका पिढीच्या अंतराने एक नाव नाहीसे होते. त्या नावाबरोबर आणखी काय नाहीसे होते, या प्रश्नाने त्या दिवसापासून आमचा पिच्छा पुरवला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा, इतिहासाच्या अंगाने घेतलेला, एक मागोवा आहे.

शरदाच्या आगमनाशी पक्ष्यांचा संबंध आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाही. वर्षाकाळाच्या आरंभी मानसरोवराकडे निघालेले हंस शरदात परततात, हा संस्कृत काव्यातील रूढ संकेत आहे. तिबेटच्या पठारावरील सरोवरांकाठी वीण करून हिवाळ्यासाठी भारतात उतरणाऱ्या पट्टकादंबासारख्या हंसांकडे पाहिले, तर या कविसंकेतामागे कुणाचे तरी नेमके निरीक्षण असावे असे वाटल्यावाचून राहत नाही. पावसाच्या तोंडावर येणारा आणि शरद लागताच दिसेनासा होणारा चातक तर कवींचा लाडकाच. खंजनाची कथा याहून बोलकी आहे. शरदात प्रथम दिसणारा खंजन शुभ मानला जाई. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या 'बृहत्संहिते'त खंजनदर्शनाच्या फलांसाठी एक अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. खंजन कुठे बसलेला दिसला, कोणत्या दिशेला दिसला, यावरून वर्षाचे भाकीत करायचे. यातले भाकीत बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. दरवर्षी ठराविक काळी येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहणे आणि तो प्रथम कुठे दिसला याची नोंद ठेवणे ही सवय आपल्याकडे दीड हजार वर्षांची तरी आहे.

हाच खंजन मराठी खेड्यात आला आणि 'परीट' झाला, 'धोबी' झाला. पाणवठ्यावरच्या दगडावर शेपटी खालीवर आपटणारा हा पक्षी पाहून ज्याला धुणे बडवणारा परीट आठवला, त्याने वराहमिहिर वाचला नव्हता. पण त्याची दृष्टी तेवढीच नेमकी होती. मराठीतील पक्षिनामे या दृष्टीने एकदा सलग वाचून पाहावीत. सुतार, शिंपी, तांबट, खाटीक, धीवर, परीट, नाचण, सुगरण. जणू गावगाडाच पंख लावून झाडावर जाऊन बसला आहे. पाण्याकाठच्या पाखरांतही शेकाटीसारख्या लांब पायांचा शेकाट्या, कुदळीसारख्या वाकड्या चोचीचा कुदळ्या, थापीसारख्या चपट्या चोचीचा थापट्या अशी नावे आहेत. आणि आम्हाला त्या रविवारी जे आठवायला हवे होते ते चिखल्या, टिलवा, तुतवार, पाणटिवळा. नावे ठेवणारी ही माणसे श्रम करणारी होती आणि आपल्या अवजारांच्या, आपल्या व्यवसायांच्या उपमेतून ती भोवतालची सृष्टी ओळखत होती. मराठीला पक्षी ठाऊक नव्हते असे म्हणण्याला त्यामुळे काहीच आधार उरत नाही. ठाऊक असलेले लिहून ठेवण्याची व्यवस्था मात्र आपल्याकडे उभी राहिली नाही. ती उभी राहिली ती दुसऱ्या भाषेत, आणि तिची एक वाट उरणवरून जाते.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. वडील मिशनरी होते, शिक्षण इथेच झाले. मुंबई विद्यापीठाचे होमजी कर्सेटजी पारितोषिक त्यांना मिळाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकवले होते. १८७६ साली ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाले. या नोकरीने त्यांना कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा, उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी असे फिरवले. 'फिरती' हा शब्द आज केवळ प्रवासभत्त्याच्या अर्जात उरला आहे. त्या काळी तो वसाहतीच्या कारभाराचा कणा होता. पावसाळा सरला, वाटा उघडल्या की अधिकारी तंबू, कागदपत्रे आणि नोकरचाकर घेऊन बाहेर पडत. मीठ खात्याच्या माणसाला तर खाजणे, बांध आणि मिठागरे हिंडणे भागच. म्हणजे ज्या महिन्यांत उत्तरेकडून पाखरे उतरतात, त्याच महिन्यांत आणि त्याच चिखलावर हा अधिकारीही उतरत असणार. पक्षीनिरीक्षण हा त्याचा छंद खरा, पण तो छंद त्याला सरकारी फिरतीने उपलब्ध करून दिला होता.

एटकेन यांनी 'ईहा' या टोपणनावाने लिहिलेले 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक १८८३ साली निघाले. बंगल्यातील उंदीर, पाली, डास, कावळे आणि तळ्याकाठचे पक्षी यांच्याविषयीचे हे लेखन अतिशय खेळकर आहे. पुढे १९०० साली त्यांचे 'द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे' आले. निरीक्षणाची सूक्ष्मता आणि गद्याची प्रसन्नता या दोन्ही दृष्टींनी ही पुस्तके आजही वाचनीय आहेत. पण त्यांचेच 'बिहाइंड द बंगलो' हे १८८९ सालचे पुस्तक शेजारी ठेवले की एक फट दिसू लागते. तिथे इथला माणूस येतो तो बटलर, धोबी, माळी, घोडेवाला म्हणून. मालकाच्या विनोदाचा विषय म्हणून. ज्या माणसाने खंजनाला परीट म्हटले, त्या माणसाला पक्ष्यांविषयी काही विचारावे, असे या गद्याला फारसे सुचत नाही. हा दोष एका व्यक्तीचा नाही. फिरतीवरचा अधिकारी आणि त्याच्या तंबूचे ओझे वाहणारा माणूस यांच्यातील नात्याचाच तो भाग होता.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी, भाद्रपदातच, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ जण जमले आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ची स्थापना झाली. एटकेन तिचे पहिले मानद सचिव. ज्या वास्तूत ही बैठक झाली तिला आज डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. आठ संस्थापकांत दोन मराठी नावे होती, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच सांगितले जाते. एक डॉ. सखाराम अर्जुन. ते ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, औषधी वनस्पतींवर लिहिणारे आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. आत्माराम हे दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. एका भावाने मराठी भाषेला व्याकरण दिले आणि दुसरा भाऊ पशुपक्ष्यांच्या अभ्यासाची संस्था स्थापणाऱ्यांत होता. एकाच घरात या दोन गोष्टी घडाव्यात आणि तरी त्या एकमेकींना भेटू नयेत! संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून इंग्रजीत निघू लागले. त्याने या देशाच्या निसर्गविज्ञानाचा पाया घातला, यात शंका नाही. पण दादोबांनी ज्या भाषेची शिस्त लावली, त्या भाषेत ती दप्तरे लिहिली गेली नाहीत. मराठी बोलणारा माणूस संस्थापकांत होता. मराठी भाषा संस्थेत नव्हती. हा भेद साहित्याच्या अभ्यासकांनी तरी नीट ध्यानात घ्यायला हवा.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९३०चा. जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेल्या सालीम अली यांना मुंबईत नोकरी उरली नव्हती. संग्रहालयातील त्यांचे पद पैशांअभावी रद्द झाले होते. ते अलिबागजवळ किहीमला, पत्नीच्या माहेरच्या घरात, येऊन राहिले. त्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडीवर बसून त्यांनी दिवसचे दिवस निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, माद्या येऊन ते पारखतात, पसंत पडलेल्या घरट्यात एक मादी राहू लागली की नर दुसरे घरटे बांधायला घेतो, हे सुगरणीच्या संसाराचे रहस्य त्यांनी उलगडले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. ज्या पक्ष्याला मराठीने 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव देऊन गृहिणीचे कौतुक केले होते, त्याचे घरटे विणणारा नर असतो, हा त्यातला गमतीचा भाग. लोकभाषेचे निरीक्षणही कधी चुकते, हे कबूल करायला हवे.

पण त्याच वर्षी, त्याच किनाऱ्यावर आणखी काही घडत होते. मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि त्यापाठोपाठ जंगल सत्याग्रहाची लाट उसळली होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी, नवरात्राच्या दिवसांत, उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जमलेल्या सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. आगरी, कातकरी अशा कष्टकरी समाजांतली ही माणसे आपल्याच डोंगरातील लाकूड तोडण्याचा हक्क मागत होती. किहीम आणि चिरनेर यांच्यामध्ये एक धरमतरची खाडी तेवढी आहे. एका काठावर सुगरणीचे घरटे वाचले जात होते आणि दुसऱ्या काठावर जंगल कोणाचे, या प्रश्नासाठी रक्त सांडत होते. या दोन घटनांना परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही, सालीम अलींच्या कार्याला त्यामुळे उणेपणाही येत नाही. तरीही निसर्गाचा इतिहास एका पुस्तकात आणि माणसांचा इतिहास दुसऱ्या पुस्तकात, अशी जी वाटणी आपण करून ठेवली आहे, ती या खाडीशी येऊन कोसळते.

तिचे परिणाम चाळीस वर्षांनी दिसले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर-पनवेल-उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवण्याचे काम सुरू झाले. नकाशावर भातखाचरे, खाजणे, मिठागरे होती. योजनेच्या भाषेत ती 'विकासयोग्य जमीन' झाली. मिठागर बारा महिने पिकत नाही. पावसाळ्यात ते पाण्याखाली असते; बाहेरच्या माणसाला ते ओसाड वाटते. त्या ओसाडीत मीठ पिकवणाऱ्याचे वर्षाचे गणित असते आणि सैबेरिया-मध्य आशियातून आलेल्या पाखरांचे अन्नछत्रही असते, हे सांगणारी भाषा नियोजनकाराच्या दप्तरात नव्हती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. माणसांच्या हक्काची ही लढाई निदान लढली गेली. पाखरांच्या बाजूने साक्ष द्यायला मात्र त्या वेळी फारसे कोणी नव्हते, कारण साक्षीसाठी आधी नोंद लागते आणि नोंदीसाठी नाव.

या कथेत एक सुखद अपवाद आहे आणि तोही फिरतीतूनच आलेला. पनवेलच्या दक्षिणेला, वासुदेव बळवंत फडक्यांच्या शिरढोणपासून जवळच, कर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतीचे जंगल १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याच्या जडणघडणीत ज्यांचा हात लागला ते मारुती चितमपल्ली हेही सरकारी अधिकारीच. त्यांचीही उभी हयात वनखात्याच्या फिरतीत गेली. पण एटकेन यांनी जे केले नाही ते चितमपल्लींनी केले. बरोबर चालणाऱ्या आदिवासीला, पारध्याला, मासेमाराला त्यांनी नावे विचारली आणि ती मराठीत लिहिली. २००२ साली आलेल्या त्यांच्या 'पक्षिकोशा'त हे शब्दधन साठले आहे. १८८३ साली जे राहून गेले होते, ते तब्बल ११९ वर्षांनी एका वनाधिकाऱ्याने भरून काढायला घेतले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा जन्मदिन जोडून पक्षी सप्ताह ठरवला, हे औचित्यपूर्णच झाले. जून २०२५ मध्ये चितमपल्ली गेले.

आज या खाडीला मानमरातब आहे. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. गंमत अशी, की १९९०नंतर फ्लेमिंगोंची संख्या वाढण्याचे एक कारण म्हणून अभ्यासक शहराच्या सांडपाण्यावर वाढलेल्या शेवाळाकडे बोट दाखवतात. आपण ज्याला सौंदर्याचे प्रतीक केले ते काही अंशी आपल्याच घाणीवर जगते आहे. आणि प्रतीक झाल्याने जिवाची हमी मिळते असेही नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून सुमारे ३९ फ्लेमिंगो मेले. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने नेरूळच्या डीपीएस तलावाचे सुमारे ३० एकर क्षेत्र संवर्धनासाठी राखीव करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी, कोजागरीनंतर दोन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. शहराला विमानतळ नको होता, असे इथे राहून, रोज लोकलने ये-जा करून आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? पण टेकडी उतरवताना तिथे काय होते, याची मराठीत किती नोंद आपल्यापाशी आहे, एवढे तरी विचारायला हवे.

फ्लेमिंगोला प्रतीक मिळाले, चिखल्याला नाही. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा टिलवा उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून निघून हजारो किलोमीटर उडत येतो आणि उरणच्या पाणथळीवर उतरतो. ती पाणथळ भरून टाकलेली असेल तर त्याच्याकडे दाद मागण्याची जागा नाही. आपल्या भाषेत त्याचे नाव कोणी उच्चारत नसेल, तर त्याची अनुपस्थितीही कोणाच्या लक्षात येणार नाही. साहित्याच्या शिक्षकाला पाणथळी वाचवता येत नाहीत. पण शब्द वाचवणे हे तर त्याचे वेतनाचे काम आहे.

त्या रविवारनंतर उरणच्या त्या विद्यार्थ्याने एक वही केली आहे. पानावर तीन रकाने आहेत. पहिल्यात पाखराचे चित्र, दुसऱ्यात कोशातले नाव, तिसऱ्यात गावातले नाव. सुट्टीच्या दिवशी तो गावातील वृद्धांकडे जाऊन बसतो. परवा त्याने वही दाखवली. तिसऱ्या रकान्यात शेकाट्या, कुदळ्या, बगळा, टिटवी एवढेच भरले आहे. बाकीच्या ठिकाणी रेघ मोकळी आहे. ''एका चित्रावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं, सर,'' तो हसत म्हणाला. ''दोघांनाही नाव जिभेवर येत होतं, पण आठवेना. दिवाळीत पुन्हा जाणार आहे. तेव्हा पाखरं अजून जास्त आलेली असतील, त्यांना खाडीवरच घेऊन जातो.''

आम्ही त्याला एवढेच सांगितले, की उशीर करू नकोस.